विश्लेषण : आपत्तीनंतर परदेशातील मुलांचे ‘शैक्षणिक पालकत्व’… पगारातून दिलेला पैसा मुलाला घरी ठेवतो की घरापासून तोडतो?

मोठा भूकंप किंवा त्सुनामी आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहावर आवाहन येते. ढिगाऱ्यासमोर उभ्या असलेल्या एखाद्या मुलीचे छायाचित्र, खाली क्यूआर कोड आणि ‘दरमहा एवढे रुपये द्या, एका अनाथ मुलाचे शिक्षण पूर्ण करा’ ही ओळ. पगारातून छोटी रक्कम वळती करण्यास संमती दिली की काम झाले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नसते. मात्र २००४ ची त्सुनामी आणि २०१५ चा नेपाळमधील भूकंप यांचा अनुभव सांगतो, की अशा पैशाने काही मुलांची शाळा टिकली, तर काही मुलांचे घर सुटले. हा फरक कशामुळे पडतो?

शैक्षणिक पालकत्व म्हणजे नेमके काय?

गरजू मुलाच्या शिक्षणाचा, आहाराचा, औषधोपचाराचा खर्च एखाद्या व्यक्तीने किंवा गटाने ठरावीक काळ उचलणे म्हणजे शैक्षणिक किंवा आर्थिक पालकत्व. बोलीभाषेत त्याला ‘मूल दत्तक घेतले’ असे सर्रास म्हटले जाते, पण दत्तक विधानाशी त्याचा संबंध नाही. मुलाचा ताबा, नाव, वारसा यांत काहीही बदल होत नाही. मूल आपल्या गावी, आपल्या घरी राहणे अपेक्षित असते. पैसे देणाऱ्याला वर्षातून एक-दोनदा पत्र, छायाचित्र, शाळेतील प्रगतीचा तपशील मिळतो. हे नाते संस्थेमार्फत जुळते. दाता एका देशात, मूल दुसऱ्या देशात आणि मध्ये दोन-तीन कार्यालये, अशी त्याची रचना असते.

ही कल्पना आली कुठून?

तिचा जन्मच आपत्तीतून झाला. पहिल्या महायुद्धानंतर मध्य युरोपातील उपाशी मुलांसाठी १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था सुरू झाली. स्पेनमधील यादवीत होरपळलेल्या मुलांसाठी १९३७ मध्ये ब्रिटिश पत्रकार जॉन लँगडन-डेव्हिस यांनी जी योजना आखली, तीच आजची ‘प्लॅन इंटरनॅशनल’. चीन-जपान युद्धातील अनाथांसाठी १९३८ मध्ये ‘चायनाज चिल्ड्रन फंड’ स्थापन झाला. कोरियातील युद्धानंतर ‘वर्ल्ड व्हिजन’ आणि ‘कम्पॅशन’ या संस्थांनी ‘एक दाता, एक मूल’ ही पद्धत जगभर नेली. लाखो मुलांचा आकडा माणसाला सुन्न करतो, पण एका मुलाचा चेहरा आणि नाव त्याला खिशात हात घालायला लावते. हे या संस्थांनी फार लवकर ओळखले. या पद्धतीचे बळ त्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे.

कार्यालयातून पैसा कसा उभा राहतो?

महाराष्ट्राला ‘एक दिवसाचा पगार’ ही प्रथा नवी नाही. राज्यावर संकट आले की सरकारी कर्मचारी एक दिवसाचे वेतन मदतनिधीला देतात. खासगी कंपन्यांत, विशेषत: बहुराष्ट्रीय कंपन्यांत, याचीच पुढची पायरी दिसते. दरमहा पगारातून ठरावीक रक्कम कापून थेट संस्थेला पाठवली जाते. ब्रिटनमध्ये १९८७ पासून अशी वेतनकपात करआकारणीपूर्वी करण्याची सोय आहे. कर्मचाऱ्याने दिलेल्या रकमेत कंपनीने आपली भर घालायची, ही पद्धत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये सुरू केली आणि नंतर ती अनेक कंपन्यांनी स्वीकारली.

या पैशाचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे सातत्य. आपत्तीनंतर मिळणारी मदत पहिल्या काही आठवड्यांत धो-धो येते आणि कॅमेरे हलले की आटते. शाळा मात्र दहा वर्षे चालवायची असते. पगारातून कापली जाणारी रक्कम बातम्या थांबल्यावरही येत राहते. म्हणून मुलांच्या शिक्षणासाठी हा पैसा सर्वात उपयुक्त ठरू शकतो. मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की एकदा कपात सुरू झाली की तिच्याकडे कोणी फिरून पाहत नाही. पैसे नेमके कोणाकडे जातात, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला नाही, तर तो पुढे वर्षानुवर्षे विचारला जात नाही.

नेपाळमध्ये भूकंपानंतर काय घडले?

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास गोरखा जिल्ह्यातील बारपाक परिसरात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. सुमारे नऊ हजार माणसे मरण पावली, त्यांतील सर्वाधिक सिंधुपालचोक जिल्ह्यात. सुमारे पाच लाख घरे कोसळली. पहिला भूकंप शनिवारी झाला आणि नेपाळमध्ये शनिवार हा सुट्टीचा वार, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. तीस हजारांहून अधिक वर्गखोल्या पडल्या किंवा निकामी झाल्या, पण मुले वाचली.

वाचलेल्या मुलांपुढे दुसरे संकट उभे राहिले. घर नाही, शाळा नाही, वडील कामासाठी आखातात किंवा भारतात, पावसाळा तोंडावर. अशा वेळी गावात एखादा ओळखीचा माणूस येतो आणि सांगतो, ‘मुलाला काठमांडूला पाठवा, तिथे इंग्रजी शाळा आहे, जेवण आहे, विदेशी लोक खर्च करतात.’ आई-वडील होकार देतात, कधी वर दलालालाच पैसेही देतात. नेपाळला हा प्रकार नवा नव्हता. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील मुले याच पद्धतीने राजधानीत आणली गेली होती. त्यांतील कित्येकांची कागदपत्रे बदलून त्यांना ‘अनाथ’ ठरवण्यात आले होते. अशा मुलांना ‘कागदी अनाथ’ म्हणतात.

हा अनुभव गाठीशी असल्याने नेपाळ सरकारने भूकंपानंतर वेगाने पावले उचलली. आंतरदेशीय दत्तक प्रक्रिया थांबवली, नव्या बालगृहांची नोंदणी स्थगित केली आणि पालक किंवा मान्यताप्राप्त व्यक्ती सोबत नसेल, तर मुलाला जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घातली. तरीही जून २०१५ पर्यंत किमान २४५ मुलांना तस्करीपासून किंवा अनावश्यक वा बेकायदा रीतीने बालगृहात जाण्यापासून रोखावे लागले, असे युनिसेफने जाहीर केले होते.

बालगृहांतील मुले खरोखर अनाथ असतात का?

बहुतेक नसतात. भूकंपाच्या काळात नेपाळच्या बालगृहांत सुमारे १५ हजार मुले होती आणि त्यांपैकी ८५ टक्के मुलांची आई किंवा वडील, किमान एक जण हयात होता, असे युनिसेफची आकडेवारी सांगते. देशात तेव्हा ७५ जिल्हे होते, पण ९० टक्के बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत एकवटली होती. पर्यटक सर्वाधिक जातात ते हेच जिल्हे. बालगृहे गरजू मुलांच्या गावांजवळ नव्हती, ती देणगीदारांच्या वाटेवर होती.

इंडोनेशियातील आचे प्रांताचे चित्र वेगळे नव्हते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या देशात सुमारे १ लाख ६७ हजार लोक मृत वा बेपत्ता झाले. तिथेही सरकारने १६ वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रांताबाहेर नेण्यास मनाई केली होती. पुढे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ आणि इंडोनेशियाच्या समाजकल्याण खात्याने बालगृहांची पाहणी केली. त्सुनामीमुळे दाखल झालेल्या मुलांपैकी ९७.५ टक्के मुलांना त्यांच्या कुटुंबीयांनीच तिथे ठेवले होते. कारण एकच, शिक्षण. कुटुंबाला हवी होती शाळा आणि ती मिळत होती फक्त बालगृहाच्या दारातून. देणग्याही तिथेच येत होत्या.

‘अनाथ’ हा शब्दही फसवा आहे. आई किंवा वडील यांपैकी एक जण गमावलेल्या मुलालाही युनिसेफच्या व्याख्येनुसार अनाथ गणले जाते. २०१५ मध्ये या व्याख्येनुसार जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुले होती. दोन्ही पालक गमावलेली मुले त्यांत होती १ कोटी ५१ लाख. म्हणजे दहांपैकी जवळपास नऊ मुलांची आई किंवा वडील जिवंत होते. आवाहनातील ‘अनाथ’ या शब्दामागे अनेकदा एखादी विधवा आई असते. तिला मुलाला सोडायचे नसते, फक्त त्याची फी भरता येत नसते.

मग पैसा मुलांना घरापासून कसा तोडतो?

देणगी संस्थेला मुलांच्या संख्येनुसार मिळत असेल, तर संस्थेचे उत्पन्न मुलांच्या संख्येवर ठरते. खाट रिकामी राहिली की उत्पन्न घटते. मूल घरी परत गेले की एक दाता कमी होतो. बहुतांश चालक प्रामाणिक असले, तरी हे गणित सगळ्यांना सारखेच लागू होते. शिवाय गावातील शाळा पडलेली आणि शहरातील बालगृहात इंग्रजी माध्यम, अशी स्थिती असेल तर कुटुंबही त्याच दिशेने ढकलले जाते. कोणाचाही वाईट हेतू नसताना मूल आईपासून दोनशे किलोमीटर दूर जाते.

लहान वयात कुटुंबापासून तुटून संस्थेत वाढलेल्या मुलांच्या भाषिक, बौद्धिक आणि भावनिक वाढीवर परिणाम होतो, हे अनेक देशांतील संशोधनाने दाखवले आहे. त्यामुळेच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबातून काढण्याचे कारण असू शकत नाही. नेपाळच्या २०१८ च्या बालकविषयक कायद्यातही बालगृह हा शेवटचा पर्याय मानला आहे, आधी नातेवाईक आणि कुटुंबाधारित संगोपन.

पालकत्वाचा उपयोग होतो का?

मूल घरी राहत असेल तर होतो, असे सांगणारा ठोस पुरावा आहे. अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज यांचा अभ्यास २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी’मध्ये प्रसिद्ध झाला. भारत, नेपाळचा शेजारी म्हणून नव्हे तर अभ्यासातील एक देश म्हणून त्यात आहे. बोलिव्हिया, ग्वाटेमाला, केनिया, फिलिपिन्स आणि युगांडा हे इतर पाच. एकूण १०,१४४ व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. योजना गावात आली तेव्हा वय १२ किंवा कमी असलेल्यांनाच ती मिळत होती, म्हणून त्यांची तुलना वयाची अट हुकलेल्या भावंडांशी करता आली.

ज्यांना पालकत्व मिळाले त्यांचे शिक्षण १.०३ ते १.४६ वर्षांनी वाढले. माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण मुळात ४४.५ टक्के होते, ते १२ ते १८ टक्क्यांच्या फरकाने वाढले. मोठेपणी कार्यालयीन नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. ही मुले बालगृहात नव्हती. ती घरी राहत, गावातील शाळेत जात आणि शाळेनंतर केंद्रावर शिकवणी, जेवण, आरोग्य तपासणी मिळवत. मदत काही महिन्यांची नव्हती, वर्षानुवर्षांची होती. जकार्तामधील मुलांनी काढलेल्या स्वत:च्या चित्रांवरून वायडिक, ग्लेवे यांनी केलेल्या नंतरच्या अभ्यासात पालकत्व लाभलेल्या मुलांमध्ये आशा आणि आत्मविश्वास अधिक आढळला. हे निष्कर्ष एका संस्थेच्या कार्यक्रमाचे आहेत आणि ते आपत्तीच्या काळातील नाहीत, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. तरीही घर, शाळा आणि सातत्य एकत्र आले तर छोट्या मासिक रकमेतून काय घडते, ते यातून स्पष्ट होते.

छायाचित्रातील मुलालाच पैसे मिळतात का?

सहसा नाही. बहुतेक मोठ्या संस्था पैसे एकत्र करून गावातील शाळा, पाणी, आरोग्य यांवर खर्च करतात. ते मूल त्या गावाचे प्रतिनिधी असते. यात गैर काही नाही, किंबहुना एकाच मुलाला नवा गणवेश आणि शेजारच्याला काहीच नाही, यापेक्षा ते बरे. प्रश्न येतो तो दात्याला वेगळे सांगितले गेल्यावर. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या पत्रकारांनी १२ मुलांचे पालकत्व घेऊन नंतर त्यांचा शोध घेतला आणि १९९८ मध्ये वृत्तमालिका प्रसिद्ध केली. मालीमधील एक मुलगी वीज पडून केव्हाच मरण पावली होती, पण तिच्या नावाने पैसे घेणे सुरूच होते. त्या मालिकेनंतर संस्थांना आपल्या पद्धती सुधाराव्या लागल्या.

प्रवाह अचानक थांबला तर काय होते, हे भारताने पाहिले आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने परदेशी निधीसाठी पूर्वपरवानगीची अट घातल्यानंतर ‘कम्पॅशन’ने मार्च २०१७ मध्ये भारतातील काम बंद केले. तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार मुले त्यांच्या कार्यक्रमात होती. कारण काहीही असो, शाळेच्या मध्यावर मदत तुटली. कार्यालयीन देणगीतही हा धोका असतो. कर्मचाऱ्याने नोकरी बदलली की पगारकपात थांबते.

दुसरा मार्ग कोणता?

थेट कुटुंबाला आधार. नेपाळमध्ये भूकंपानंतर युनिसेफच्या साहाय्याने सरकारने वृद्ध, विधवा, अपंग आणि लहान मुलांच्या भत्त्यांच्या यादीचाच उपयोग केला. नवी यादी न करता चार लाखांवर लाभार्थींना प्रत्येकी ३ हजार नेपाळी रुपये, म्हणजे तेव्हाच्या आणि आजच्याही स्थिर दराने १,८७५ भारतीय रुपये देण्यात आले. रक्कम छोटी होती, पण ती घरात आली. भारतात ‘मिशन वात्सल्य’मध्ये याच विचाराने कुटुंबासोबत राहणाऱ्या गरजू मुलासाठी दरमहा ४ हजार रुपयांची तरतूद आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. कोकणातील आंबा बागांची राखण करणारे, शहरांत हॉटेलांत आणि सोसायट्यांत काम करणारे नेपाळी कामगार दरमहा घरी पैसे पाठवतात, ते मुलांच्या शाळेसाठीच. मुलाला गावी ठेवून शिकवण्याची धडपड ही कुटुंबे आधीच करत असतात. बाहेरच्या मदतीने त्यांच्या धडपडीला जोड द्यावी, तिची जागा घेऊ नये.

भारतीय नोकरदारांसाठी नियम काय?

परदेशातील संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर प्राप्तिकराची ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती भारतातील देणगीवरही नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठवता येते, त्यात देणगीही येते. नेपाळ आणि भूतानशी व्यवहार मात्र रुपयांत होतात आणि त्यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून बँकेत विचारून घेणे इष्ट. कंपनीलाही परदेशात केलेला असा खर्च सामाजिक उत्तरदायित्व निधीत, म्हणजे ‘सीएसआर’मध्ये दाखवता येत नाही. त्यामुळे ‘कंपनीही तेवढीच भर घालेल’ असे सांगितले गेले, तर ती भर कोणत्या खात्यातून आणि कोणत्या देशातील संस्थेला, हे विचारायला हवे.

पैसे देण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न : मूल रात्री कुठे झोपते? उत्तर ‘आमच्या बालगृहात’ असेल तर पुढचे प्रश्न अधिक नेटाने विचारावेत. त्याचे आई-वडील किंवा नातेवाईक शोधले का? त्याला घरी परत पाठवण्याची काही योजना आहे का? गेल्या वर्षी किती मुले घरी परतली? या शेवटच्या आकड्याचा ज्या संस्थेला अभिमान वाटतो, तिथे पैसे योग्य ठिकाणी जाण्याची शक्यता अधिक असते.

त्यानंतर इतर बाबी. पैसे एका मुलावर खर्च होतात की गावावर, हे स्पष्ट सांगितले आहे का? मुलाचे छायाचित्र, पूर्ण नाव आणि गाव समाजमाध्यमांवर उघड केले जाते का? केले जात असेल तर ते त्या मुलासाठी धोक्याचे आहे. दात्यांना मुलांना भेटायला थेट बालगृहात नेले जाते का? संस्था स्थानिक कायद्यानुसार नोंदणीकृत आहे का, आणि लेखापरीक्षण उघड आहे का? कर्मचारी नोकरी सोडून गेला तर मुलाची फी कोण भरणार? शेवटचा प्रश्न कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला विचारायचा आहे. एकेका कर्मचाऱ्याच्या नावे एकेक मूल जोडण्यापेक्षा सामायिक निधी ठेवला, तर एक जण गेल्याने एका मुलाची शाळा सुटत नाही.

आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात अन्न, निवारा आणि औषधे यांसाठी मदत लागते, तिथे एकरकमी देणगीच योग्य. पालकत्वाचा विचार दोन-तीन महिन्यांनी, यादी पडताळून झाल्यावर, कोणती मुले खरोखर एकटी आहेत आणि कोणाच्या आईला फक्त फीची चिंता आहे हे कळल्यावर केला तर बरा. एवढे थांबणे नोकरदाराला फार जड नाही, पगार पुढच्या महिन्यातही होणारच असतो. गावातून निघालेल्या मुलाला मात्र परत आणायला अनेकदा वर्षे लागतात.